राहिलेलं कडवं

या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली. ऑक्टोबर संपता संपता दरवर्षी इथे हा उद्योग असतो, आणि दरवर्षी मी दोन-चार दिवस घरभर चिडचिड करत फिरते. चहाचं आधण ठेवावं तर खिडकीबाहेर काळोख! नवरा म्हणतो, "अगं, तासभर जास्त झोपायला मिळालं ना?" मिळालं, पण त्याच्या बदल्यात अख्खी संध्याकाळ गेली त्याचं काय? तो इथल्या हॉस्पिटलात नोकरीला, त्याला दिवस काय नि रात्र काय, सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण खरं सांगू? हा मोसम मला मनापासून आवडतो. आमच्या या आयरिश गावात, पोर्टलीशच्या रस्त्यावर धुराडी जागी होतात. अजून काही घरांत टर्फ जाळतात, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. त्याचा धूर पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा माझे बाबा भर रस्त्यात थांबले होते. "बाप्पा! गोवऱ्या जाळून राहिले का हे लोक?" म्हणाले, आणि नागपूरहून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. पानं कुजल्याचा वास, ओल्या लोकरीचा वास, कोणाच्या तरी ओव्हनमधल्या सफरचंदांचा वास. आणि या सगळ्यात, आमच्या नि शेजारच्या घरामधल्या पातळ भिंतीतून येणारं नोराचं गाणं.

हे भिंतीतलं गाणं पूर्वी नव्हतं. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका पानगळीपासून ते सुरू झालं. घड्याळं मागे गेली की मीही आपसूक त्या दिवसांत जाते.

नोरा तेव्हा ऐंशीच्या आसपास होती. निवृत्त नर्स. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं कॅनडात. मला चेरीवूडच्या ऑफिसात जावं लागायचं त्या दिवशी आमची इरा शाळेतून सरळ नोराकडे जायची. आजीच्या वयाच्या बाईला नुसतं 'नोरा' म्हणायचं माझ्या जिभेवर येईना. पहिले काही महिने मी तिला नावाने हाकच मारली नाही, आपलं "हॅलो हॅलो" करून भागवायचे. शेवटी तीच म्हणाली, "मला नाव आहे हं, पेट, वापरलंस तर झिजणार नाही." इथे लाडाने 'पेट' म्हणतात. मला तर तिने पहिल्याच भेटीत पेट करून टाकलं होतं.

ती भांडी घासताना गुणगुणायची. मी मागच्या दाराने शिरले की गुणगुण बंद. एकदा मी म्हटलं, "थांबलीस का? छान वाटत होतं." तर तिने फडकं इतकं जोरात पिळलं की बिचाऱ्या फडक्याचीच मला दया आली. "मी गात नाही," ती म्हणाली. एवढंच. मग प्रेस उघडून, म्हणजे कपाट उघडून, बिस्किटांचा डबा काढला. प्रेस उघडली की इथला कुठलाही विषय मिटतो.

ते का, हे त्या ऑक्टोबरात कळलं. इंग्लंडमधल्या एका माणसाची तिला ईमेल आली होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे पबच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांतून तरुण पोरं जुनी लोकगीतं गायला जमायची. त्या वेळी तिथल्या तिथे केलेली रेकॉर्डिंग्ज हा गृहस्थ गोळा करत होता. एका जुन्या टेपवर सूत्रसंचालक नोराचं नाव घेतो, गाव सांगतो, त्यावरून त्याने तिला हुडकून काढलं. गाणं संग्रहात घ्यायला तिची परवानगी हवी होती. सोबत ऐकण्यासाठी लिंक.

"तू कॉम्प्युटरवाली आहेस," नोरा मला म्हणाली, "तू ऐक आधी. मग मी त्याला नाही म्हणून कळवते."

"नाही कशाला?"

तेव्हा तिने सांगितलं. कोळसा सारखा करता करता, माझ्याकडे पाठ करून. ती बर्मिंगहॅमला नर्सिंग शिकायला गेली होती, विशीसुद्धा गाठली नव्हती. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीने एका संध्याकाळी त्या खोलीत नेलं. मोडक्या खुर्च्या, सिगारेटचा धूर, दिव्याच्या वायरीला लटकवलेला माइक आणि खुर्चीवर फिरणारं टेपचं मशीन. वाद्य नाही, काही नाही. एकेकाने उठायचं, डोळे मिटायचे, गायचं. तिथला नियम कडक होता: गाणारा गात असताना टाचणी पडली तर ऐकू यावी, आणि धृपद आलं की सगळ्यांनी मिळून छत उडवायचं. नोराला कोणीतरी उठवलं. तिने आईचं गाणं धरलं. नदीपलीकडे लग्न होऊन गेलेली मुलगी, आणि अलीकडच्या काठावर रोज धुणं घेऊन येणारी तिची आई.

"आणि पुढच्याच रांगेत युवर मॅन बसलेला," नोरा म्हणाली. युवर मॅन म्हणजे कोणी माझा माणूस नव्हे. नाव माहीत नसलेल्या कुठल्याही बाप्याला इथे असंच म्हणतात. "सावळा, गळ्यात हा एवढा मफलर. मी गायला लागले आणि तो मान हलवायला लागला. नाही, नाही, नाही. डोळे उघडले की तो दिसायचा. मग जिभेने च्‌ च्‌ च्‌. आणि मग मोठ्याने काहीतरी बोललाच. लोक त्याला शू करायला लागले, मागे कोणीतरी हसलं. माझा सूर गेला. शेवटचं कडवं मी म्हटलंच नाही. खाली बसले."

त्यानंतर ती चारचौघांत कधी गायली नाही. लग्नात नाही, मुलांच्या बारशांना नाही. आईच्या अंत्यविधीला भावाने हात जोडले तरी नाही. साठ वर्षं! कोणाच्या तरी मान हलवण्यावरून!

मी हेडफोन लावले. नोरा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तशी.

आधी नुसती खुर्च्यांची करकर. ग्लास. खोकला. सूत्रसंचालकाने नोराचं नाव-गाव घेतलं, 'लीश परगण्याची तरुण नर्स' म्हणाला. आणि मग तो आवाज आला. काय सांगू! कोवळा, थोडा घाबरलेला, पण सुराला असा चिकटलेला की माझ्या अंगावर काटा आला. एका ओळीच्या शेवटी तिने स्वर सोडतेय असं दाखवलं, आणि सोडलाच नाही, खालून एक बारीक वळण घेऊन परत उचलला. आणि त्याच क्षणी माझ्या कानात, इतक्या वर्षांपलीकडून, कोणीतरी जीभ टाळूला लावून म्हणालं, "च्‌ च्‌ च्‌... अरे अरे अरे! काय हे! काय हे, बाई!"

मराठीत!

मी ताडकन उठलेच. हेडफोनची वायर चहाच्या कपात. ऑफिसच्या मीटिंगमध्ये भारतीय माणूस भेटला तर मला काही वाटत नाही, चेरीवूडला लिफ्टमध्ये पुणे-मुंबई-नागपूर सगळं भरलेलं असतं. पण इथे? त्या धुरकट खोलीत? कोण होता हा? सांगलीचा, जळगावचा? इंजिनियरिंग शिकायला आलेला असणार. उकडलेले बटाटे खाऊन विटलेला, कोणाशी बोलायला नाही, आणि रस्त्यातून जाताना वरून सूर ऐकू आला म्हणून जिना चढलेला. घरी गाण्याच्या बैठकीत बसायची सवय. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, इथे दाद मनातल्या मनात द्यायची असते!

हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं. बाहेर काय दिसत होतं, ते नोराच्या चेहऱ्यावरून कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी, मी मान हलवतेय, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि तोंडाने च्‌ च्‌ च्‌.

"तूसुद्धा," नोरा म्हणाली आणि केटल भरायला उठली.

कर्म माझं! मग मी जे समजवायला लागले ते विचारू नका. म्हटलं, अगं, ही आमची दाद. जागा काळजाला लागली की आम्ही मान अशीच हलवतो, कळवळतो, कोणी मारल्यासारखं 'अरेरे' करतो. तो तुला नावं ठेवत नव्हता, तो वेडा झाला होता तुझ्या गाण्याने! नोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ग्रँड." आता हे ग्रँड. या देशात ग्रँड म्हणजे छान, ग्रँड म्हणजे ठीक, आणि ग्रँड म्हणजे पुरे झालं आता. हे तिसरं होतं. माझा स्वभाव चांगला आहे म्हणून मी तिची समजूत काढतेय, असं तिने ठरवूनच टाकलं. महिनाअखेरीस त्या माणसाला नकार कळवायचा होता, त्यातही बदल नाही. म्हणजे ते गाणं जाणार होतं, आणि पुढच्या रांगेतला तो माणूस कायमचा दुष्ट ठरणार होता. मला तर रात्री जेवणच जाईना.

पुढच्या आठवड्यात बाबा आले. दिवाळीसाठी. बॅगेत चकलीची भाजणी, तीन स्वेटर आणि आईने पाठवलेला सांभारवडीचा मसाला. आल्या आल्या त्यांनी सूर्याबद्दल तक्रार केली, मग नळाच्या पाण्याबद्दल, मग इराबद्दल. "मी मराठीत बोलून राहिलो अन् ही मला इंग्रजीत उत्तर देऊन राहिली! तेही कुठलं इंग्रजी आहे बाप्पा!" इरा आपली त्यांच्या मांडीवर रेलून फोनवर गाणं लावून द्यायची. बाबांना गाण्याचं भयंकर वेड. त्यांच्याकडे कुठल्या कुठल्या घरगुती बैठकींची रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यात गवयापेक्षा श्रोतेच जास्त. खोकला आहे, पंख्याची घरघर आहे, एका रेकॉर्डिंगमध्ये तर रडणारं बाळ आहे. बाबा म्हणतात की ते बाळसुद्धा सुरात आहे.

एका दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात असंच काहीतरी ऐकत बसले होते आणि नोरा मागच्या दाराने अॅपल टार्ट घेऊन आली. दारातच थबकली. बाबांचे डोळे घट्ट मिटलेले, मान नाही-नाही म्हणतेय, हात कपाळाला. "च्‌ च्‌... अरेरेरे... मारलं रे मारलं!"

"घरून काही वाईट बातमी आली का?" नोराने हळूच विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात इरा चित्र रंगवता रंगवता, वर न बघता म्हणाली, "ही'ज ग्रँड, नोरा. दॅट'स जस्ट हिम लाइकिंग इट."

मी आठवडाभर घसा फोडला होता. पण पोरीने एका वाक्यात काम केलं, कारण पोरीला कोणाची समजूत काढायची नव्हती. नोरा टार्ट हातात तसंच धरून खुर्चीत बसली. अख्खं गाणं संपेपर्यंत ती बाबांकडे बघत होती. संपल्यावर मला म्हणाली, "आण ते माझं."

मी लॅपटॉप आणला, आवाज मोठा ठेवला. नोराने स्वतःचं गाणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं, मुद्दामच. ते आपले पाय वर घेऊन ऐकत होते. पहिलं कडवं गेलं, धृपदाला ती अख्खी खोली गर्जली, बाबा सावरून बसले. मग ती ओळ आली. स्वर सुटतोय असं वाटलं, सुटला नाही. बाबांची जीभ टाळूला लागली, आणि नेमकी तिथेच, त्याच जागेवर, लॅपटॉपमधला तो माणूससुद्धा बोलला. दोघे जण एकदम. एक साठ वर्षांपूर्वीचा, एक आमच्या टेबलाशी.

बाबांनी डोळे उघडले. "हा कोण आपला माणूस होय? कानाचा पक्का आहे बुवा!"

नोराचा हात तोंडावर होता. तिला भाषांतर लागलंच नाही. गाणं पुढे गेलं, हसू ऐकू आलं, शू ऐकू आलं, आवाज थरथरला आणि थांबला. टाळ्या. बाबांनी वाट पाहिली. मग माझ्याकडे वळले. "संपलं? असं कसं? अर्धं ठेवलं ना गाणं. त्या मायचं काय झालं मग?" शब्द त्यांना अर्धेच कळले होते. पण गाणं अर्धं आहे, हे बरोबर कळलं.

मी ते नोराला सांगितलं. ती म्हणाली, "आणखी एक कडवं आहे," आणि टार्ट कापायला लागली. मी पुढे न विचारता बशा काढल्या, मला तरी तेवढी अक्कल आहे.

दिवाळीच्या रविवारी आमच्याकडे फराळाला दहा-बारा माणसं होती. सँट्रीहून नवऱ्याचे मित्र बायकापोरांसकट आलेले, हॉस्पिटलातल्या दोन आयरिश नर्स, आणि नोरा, निळ्या स्वेटरमध्ये, कपाटातली चांगली पिन लावून. तिने चकली हातात घेऊन आधी तिचा अभ्यास केला, मग तीन खाल्ल्या. कोणीतरी बाबांना गायचा आग्रह केला. बाबांना आग्रह कसला लागतो! त्यांनी एक नाट्यपद घेतलं. वेडाच्या मानाने गळा बेताचा आहे त्यांचा, पण हिंमत दांडगी. टाळ्या झाल्यावर त्या नर्सांपैकी एक म्हणाली की आमच्याकडची रीत अशी आहे, जो गातो त्याने पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने नाही म्हणायचं नसतं. मी हे बाबांना मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगताच मला कळलं की आता काय होणार.

"मग काय," बाबा म्हणाले, "नोराबाई!"

मी पटकन बाबांच्या कानाशी गेले. "बाबा, ती गायली तर तुम्ही मान हलवायची नाही. तोंडातून अवाक्षर नाही. शप्पथ आहे माझी." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना ताटावरून उठवलं होतं. पण हात मांडीवर ठेवून ताठ बसले.

नोरा बराच वेळ उठलीच नाही. इराने तिच्या हातातली बशी काढून घेतली. मग ती बसल्या बसल्याच, डोळे मिटून, गायला लागली. आवाज म्हातारा झाला होता. कडेला फाटत होता, श्वास मधेच पुरत नव्हता. पण ती नदी होती, ते धुणं होतं, ती आई होती. खोलीत हूं की चूं नाही. पोरंसुद्धा गप्प. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, मग ती जागा आली, तो न सोडलेला स्वर आला आणि गेला. बाबा दगडासारखे बसलेले. डोळ्यांतून धारा, पण मान जागची हलली नाही.

आणि नोरा थांबली.

मला वाटलं, संपलं सगळं. पुन्हा तेच. माझ्याच घरात, माझ्याच दिवाळीत. तिने डोळे उघडले, थेट बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्या वडिलांना आवडत नाहीये का?" ती म्हणाली. "अगदीच गप्प आहेत."

मला हसू की रडू कळेना. "बाबा," मी म्हटलं, "शप्पथ सुटली! सुरू करा!"

नोराने ती ओळ पुन्हा घेतली. आणि बाबांनी जी मान हलवली, जे च्‌ च्‌ केलं, जे 'अरे अरे, काय हे बाई' झालं! नवऱ्याचे मित्रही सुरू झाले, मीही सुरू झाले, सगळी खोली नाही-नाही म्हणत माना हलवायला लागली. त्या दोन नर्स घाबरून एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि या सगळ्या गोंगाटात नोरा गात राहिली, खुलत गेली, तिसरं कडवं, चौथं, आणि मग जे त्या टेपवर नाही ते शेवटचं. त्यात पूर येऊन ओसरतो आणि पलीकडच्या काठावर मुलगी उभी असते, तिच्याही हातात धुणं.

तिने त्या माणसाला परवानगी दिली, एका अटीवर. पुढच्या रांगेतल्या माणसाचा आवाज पुसायचा नाही. तो संग्रह आता निघालाय. त्यात तिचं गाणं आहे, तसंच, अर्धं. पुढच्या रांगेत कोण होता ते कोणालाच ठाऊक नाही. मीही इकडे तिकडे विचारून पाहिलं, पण नुसत्या च्‌ च्‌ वरून माणूस कसा सापडणार?

त्या रविवारी मात्र गाणं संपल्यावर, टाळ्या थांबेपर्यंत नोराने पिन सारखी केली, बशी परत मागून घेतली. बाबांच्या शेजारी एक खुर्ची रिकामी होती, कोणीतरी चहा आणायला उठून गेलं होतं. त्या खुर्चीकडे बघून, साठ वर्षं ताटकळलेल्या पाहुण्याला म्हणावं तसं, ती म्हणाली, "हे घे. एवढं तुझं राहिलं होतं."